शारदासदनाचे उघडे दार

विधवा मुलींसाठी काढलेल्या पुण्यातल्या शारदासदनात, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. १८९३ मध्ये पुण्यात जो गदारोळ उठला, तो फिरून फिरून या एका दारापाशीच येऊन थांबत होता. सदनाच्या सल्लागार मंडळाचा आग्रह असा, की बाईंनी प्रार्थना खुशाल करावी, पण दार लावून. बाईंचे म्हणणे, हे माझेही घर आहे. हिंदू घरातली आई पूजेला बसली की मुले आपसूक तिच्यामागे येऊन बसतात. तिला कोणी दार लावायला सांगत नाही. मी मुलींना बोलावत नाही, आणि आल्या तर हाकलणारही नाही.

दोन्हीकडची माणसे भली होती, हे आधीच सांगून टाकायला हवे. मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विधवांच्या शिक्षणासाठी आपल्याच समाजाच्या शिव्या खाल्लेली ही मंडळी. रमाबाईंशी त्यांची ओळखही जुनी. १८८२ मध्ये त्या पहिल्यांदा पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, तेव्हा रानड्यांच्या घराचा त्यांना आधार होता. रमाबाई रानडे आणि या रमाबाई, दोघी मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी शिकत. म्हणजे हे भांडण परक्यांशी नव्हते. ते आपल्या माणसांशी आणि आपल्याच कामावरून होते, आणि असे भांडण जास्त बोचते.

रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांच्यावरची टीका, सगळे. परंतु एक संस्था चालवणारी बाई म्हणून त्यांचे रोजचे दिवस कसे जात असतील, याकडे लक्ष कमी जाते. मुलींचे जेवण, पालकांची पत्रे, देणगीदारांच्या अटी, वर्तमानपत्रांतले मजकूर, मिशनऱ्यांची नाराजी; आणि या सगळ्यात स्वतःचा विश्वास न लपवता, न लादता जगायचे. ख्रिस्ती माणसाने ठाम राहून मतभेद कसे सोसावेत, असा प्रश्न चर्चच्या मंडळींमध्ये हल्ली बराच चर्चेला येतो. त्याचे उत्तर प्रवचनापेक्षा बाईंच्या या कामाच्या दिवसांत अधिक सापडते.

बाईंना वादाची सवय लहानपणापासूनची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, त्यासाठी शास्त्रीमंडळींना उत्तरे दिली आणि शेवटी गंगामूळच्या रानात घर केले. तिथे १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. पुढे तीर्थयात्रा, पुराण सांगणे, दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू. भावाबरोबर पायी हिंडत १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. शास्त्रार्थ ही त्यांच्या घरची रीत. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकायचे, मग खोडायचे, आणि खोडून झाल्यावर एका पंगतीला बसायचे. ख्रिस्ती झाल्यावरही ही रीत सुटली नाही. किंबहुना तिचा पहिला कस ख्रिस्ती लोकांमध्येच लागला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावच्या सेंट मेरी द व्हर्जिन या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्र, इंग्रजी मजकूर आणि वर हाक आजीबाईंची! ही हाक कडाक्याच्या भांडणातही टिकली, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

भांडणे काही थोडी नव्हती. बाई शाकाहारी होत्या, अंड्याचे पुडिंगही खात नसत. आजीबाईंना त्यात उच्च जातीचा गर्व उरलेला दिसे. बाईंनी उत्तर दिले, की जातीचे काही संस्कार माझ्यात उरले असतील, ते मी नाकारत नाही. पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास न होणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? मग क्रूसावरच्या अक्षरांचा वाद. ती लॅटिनमध्ये होती. बाईंना संस्कृत हवी होती, कारण त्यांच्या देशातल्या बायकांना लॅटिन परकी आणि देवाला दोन्ही भाषा सारख्याच. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: देशात यांचे नाव खराब होईल. बाई संतापल्या. हिंदुस्थानात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे तिचा आणि तिच्या देशबांधवांचाही अपमान, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

सगळ्यांत खोल वाद सिद्धांतांचा होता. त्रैक्य, अथनेशियन मतांगीकार, चर्चचा अधिकार. जे बायबलमध्ये स्वतः वाचून पटत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला बाई तयार नव्हत्या. पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता तसलेच दुसरे जोखड देवाची आज्ञा म्हणून मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा आशय. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, परदेशात दुसऱ्यांच्या आश्रयाला असलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या पंचविशीतल्या विधवेने हे लिहावे! आजीबाईंना ती उर्मट वाटली, आणि तसे त्यांनी कळवलेही. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. आपण जिचा आत्मा सांभाळतो आहोत असे त्या मानत होत्या, ती रोज एक नवा प्रश्न घेऊन पुढ्यात उभी.

असे असूनही बोलणे तुटले नाही. अमेरिकेत गेल्यावर बाईंनी मनोरमेला पुन्हा वाँटेजच्याच हवाली केले. ज्यांच्याशी धर्मावर भांडायचे त्यांच्याकडेच एकुलती मुलगी ठेवायची, हा विश्वास लहान नाही.

अमेरिकेत त्या गेल्या होत्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. आनंदीबाई नात्यातल्या, हिंदूच राहण्याचा निश्चय उघड बोलून गेलेल्या. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. आनंदीबाई पुढच्या वर्षी वारल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले, ते रमाबाईंनी त्यांनाच अर्पण केले. त्या पुस्तकाने अमेरिकेत हवा तयार झाली आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पंथाचे. निरनिराळ्या पंथांची मंडळी एकत्र आली होती. त्यांनी दहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले आणि अट घातली, की शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. बाईंनी ती अट मान्य केली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. दोनच मुली होत्या. त्यांतली एक बालविधवा गोदूबाई. चार वर्षांनी, पुन्हा एका ११ मार्चलाच, धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. तारखांचा हा योगायोग कोणी जुळवून आणलेला नाही, पण मजेशीर आहे खरा.

सदनाची रीत अशी होती: मुलींनी आपापला आचार पाळावा, व्रते करावीत, सोवळे-ओवळे सांभाळावे, स्वयंपाकही त्यांच्या रीतीचा. ग्रंथांच्या कपाटात हिंदू धर्मग्रंथ होते आणि बायबलही होते. घरची बाई ख्रिस्ती, हे कोणापासून लपवलेले नव्हते. हे सगळे वाचायला सोपे आहे, चालवायला नाही. एकाच छताखाली तुळशीला पाणी घालणारी मुलगी आणि ख्रिस्ताची प्रार्थना करणारी मुख्याध्यापिका, दोघींनी एकमेकींना अवघडल्यासारखे वाटू न देता राहायचे. जेवणाची पंगत, आजारपण, सणवार, रात्रीच्या गप्पा यांत धर्माचा विषय निघणारच. नियमपुस्तक तिथे उपयोगाचे नसते. माणूस कसे वागते यावर सगळे ठरते.

पहिली टीका आली ती मिशनऱ्यांकडून. ख्रिस्ती म्हणवून घ्यायचे आणि शाळेत ख्रिस्ताचे नाव शिकवायचे नाही, हा कसला विश्वास? ही तर तडजोड. बाईंवर दोन्हीकडून मार बसू लागला तो तेव्हापासून. पुण्यातल्या सनातन्यांना सदन म्हणजे बाटवण्याचा कारखाना वाटे, मिशनऱ्यांना ते धर्माचा विसर पडलेले घर वाटे. बाईंनी दोघांनाही एकच उत्तर दिले: दिलेला शब्द पाळीन आणि स्वतःचा विश्वास लपवणार नाही.

सौजन्य म्हणजे मवाळपणा, अशी समजूत असेल तर ती बाईंना लागू करून पाहू नये. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसबरोबर सामाजिक परिषद भरली. विधवांचे केशवपन बंद करण्याच्या ठरावावर त्या बोलायला उभ्या राहिल्या. मंडपात पुरुषांची गर्दी, गलका. बाई गप्प उभ्या राहिल्या. शांतता झाल्यावर त्यांनी हसून सुनावले, की बंधूंनो, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही याचे नवल नको; तो मोठा करण्याची संधी तुम्ही बायकांना दिलीत कधी? मंडप जिंकायला तेवढे पुरले. शिवी नाही, रडगाणे नाही, पण ज्याला लागायचे त्याला लागले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये बाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती ती हा करारीपणा ओळखूनच असावी.

१८९० च्या अखेरीस सदन मुंबईहून पुण्याला आले. खर्च कमी, मुली जवळच्या. पण ‘केसरी’ही जवळ. लोकमान्य टिळकांचा सदनावर डोळा होता आणि त्यांची लेखणी कशी चाले ते सांगायला नको. त्यातच बाईंच्या स्वतःच्या मनात फरक पडत होता. सुमारे १८९१ मध्ये त्यांना असे जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताची वैयक्तिक ओळख मात्र आता होते आहे. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले. प्रार्थनेतला उत्साह वाढला. उघड्या दारातून काही मुली येऊन बसू लागल्या, मग आणखी काही. कोणा पालकाला कळले, त्याने दुसऱ्याला सांगितले. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि तसे जाहीर केले. पाठोपाठ पालक येऊन मुलींना घेऊन जाऊ लागले. वीस-पंचवीस मुली गेल्या. काही रडत गेल्या.

इथे लेखणी जरा थांबवावी लागते. बाईंच्या चरित्रकारांपैकी बरेचजण हा प्रसंग छळ म्हणून रंगवतात. तो तेवढा सरळ नाही. ज्या बापाने समाजाची बोलणी खाऊन विधवा मुलीला शाळेत घातले, त्याला सदनाने धर्मनिरपेक्षतेचा शब्द दिला होता. ज्या बाईने मुलीला अक्षर दिले, अंगभर कपडा दिला, केस राखू दिले, तिच्या प्रार्थनेचे आकर्षण मुलीला वाटणारच. जबरदस्ती नसली तरी ओढ असते, आणि ओढ कोणत्याही कलमात बसत नाही. रानडे-भांडारकरांना हे दिसत होते. बाईंचीही अडचण खरी होती. दार लावले की विश्वास ही लाजेची गोष्ट झाली, आणि मुलींना काही निवडण्याची मोकळीक आहे हे म्हणणेही खोटे पडले. दोघांचेही बरोबर असू शकते, अशा जातीचा हा वाद होता.

बाईंनी काय केले, तर सल्लागारांवर व्यक्तिगत चिखलफेक केली नाही. आपली बाजू लेखी मांडली. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने चौकशीसाठी श्रीमती जुडिथ अँड्रूज यांना पाठवले. त्यांनी सदनात राहून पाहिले आणि नियम मोडलेला नाही असा निर्वाळा दिला. गेलेल्या मुलींच्या जागी नव्या येत गेल्या. परंतु १८९५ मध्ये सदनातल्या काही मुलींनी उघड बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांची भीती अगदीच पोकळ नव्हती हेही सिद्ध झाले. हे दोन्ही लिहिले पाहिजे.

या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली, तिचे श्रेय दोन्ही बाजूंना आहे. हिंदू समाजाला विश्वास वाटेल अशी विधवांची शाळा हवी, हे उघड झाले होते. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. कर्व्यांच्या घरात सदनाच्या पहिल्या दोन विद्यार्थिनींतली गोदूबाई होती. ती हिंदूच राहिली आणि आयुष्यभर आश्रमासाठी राबली. बाईंशी कर्व्यांनी वैर धरले नाही, बाईंनीही कर्व्यांना प्रतिस्पर्धी मानले नाही.

शेजारच्याच नगर जिल्ह्यात, त्याच काळात, मतभेद सोसण्याचा हा प्रश्न एका संसारात शिरला होता. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळे त्यांचे त्यांच्यापाशी. टिळक तापट, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जोर केला नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाने केलेला आहे असे मनाशी ठरल्यावर. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना हे माहीत आहेच. लक्ष्मीबाईंनी त्यातले हसूही आपल्यासाठी राखून ठेवले आहे.

पुन्हा रमाबाईंकडे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या इस्पितळात बायकांना कसे वागवले जाते, यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सणसणीत पत्र लिहिले. ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाला, सरकारने इन्कार केला. राज्यकर्ते आपल्या धर्माचे, म्हणून बाईंनी त्यांना सूट दिली नाही. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावरून ‘केसरी’ही सरकारवर तुटून पडत होता. चार वर्षांपूर्वीचे विरोधक एका अन्यायाबद्दल एकाच सुरात बोलत होते, फक्त वेगवेगळ्या कागदांवर.

तोवर बाईंचे काम केडगावला सरकले होते. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथल्या शेतावर राहू लागल्या, मुक्तिसदन उभे राहिले. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली, जुनी असोसिएशन जाऊन नवी आली, आणि इथून पुढे संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. बाईंनी तटस्थतेचा शब्द मुदतीपुरता पाळला आणि मग तो तसाच चालू असल्याचे सोंग केले नाही. कोणाला हा बदल आवडणार नाही. केडगावच्या मुलींसमोर निवडीसाठी पुण्याइतका मोकळा पर्यायही नव्हता. भुकेने आणलेल्या पोरीला जेवू घालणाऱ्याच्या देवाविषयी कितीसा प्रश्न विचारता येणार? बाईंच्या कामाचा आदर करणाऱ्यानेही ही शंका गिळू नये.

केडगावातही त्या मिशनांच्या पठडीत बसल्या नाहीत. प्रचलित मराठी बायबल त्यांना कमी शिकलेल्या बायकांसाठी अवघड वाटे. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत नव्याने उतरवले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम मुक्तिसदनातल्या बायकांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या.

वाँटेजच्या त्या पत्रांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती फाडली गेली नाहीत. ज्यांना उद्देशून बाईंनी इतके कडक लिहिले होते, त्या आजीबाईंनीच ती जपली, क्रम लावून एकत्र केली, त्यांत आपल्याला कमीपणा आणणारी पत्रेही ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत छापली. संपादक अ. भि. शहा, म्हणजे कोणत्याच धर्मावर श्रद्धा नसलेला बुद्धिवादी माणूस. त्यांना रमाबाई आधुनिक भारताने घडवलेल्या थोर स्त्रियांत अग्रभागी वाटत. हे पुस्तक जुन्या ग्रंथालयात शोधले तर मिळू शकते. मंडळींतल्या अभ्यासवर्गांनी एखादा हंगाम तरी प्रवचनांची पुस्तके बाजूला ठेवून ही पत्रे वाचायला घ्यावीत, दोन्ही बाजूंची, आजीबाईंचीसुद्धा.